कुशिंग यांचे बारा रुग्ण

१९१० सालच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २३ वर्षांची एक तरुणी दाखल झाली. उंची पाच फुटांच्या आत. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल आणि लालबुंद. पोट सुटलेले, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा. हातपाय मात्र त्या देहाला न शोभणारे, बारीक. पोटावर जांभळट पट्टे उमटलेले, चेहऱ्यावर दाट लव, पाळी कित्येक वर्षांपासून बंद. जरासा धक्का लागला तरी कातडीवर काळेनिळे डाग पडत. डोके सतत ठणकत असे आणि रक्तदाब त्या वयाला भलताच चढलेला होता.

तिला तपासणारे डॉक्टर होते हार्वे कुशिंग. मेंदूची शस्त्रक्रिया ही वेगळी शाखा म्हणून ज्यांनी उभी केली त्यांत त्यांचे नाव पहिले. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीवर, म्हणजे पिट्युटरीवर, ते त्या काळात पुस्तक लिहीत होते. या तरुणीची लक्षणे पाहून त्यांना पीयूषिकेचाच संशय आला. पण क्ष-किरण चित्रात ग्रंथीची हाडातली खोबण जशीच्या तशी होती. मोठी गाठ असती तर ती खोबण रुंदावलेली दिसली असती. मग दोष पीयूषिकेचा, अधिवृक्क ग्रंथींचा की बीजकोशांचा? कुशिंग यांना ठरवता येईना. १९१२ साली पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी तिची हकिगत तपशीलवार छापली, अनेक ग्रंथींचा एकत्रित बिघाड असे तिला तात्पुरते नाव दिले आणि प्रश्न उघडा ठेवला. तो मिटवायला त्यांना पुढची वीस वर्षे लागली. आज आपण ज्याला कुशिंगचा आजार म्हणतो, शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक बेसुमार वाढल्याने होणारा आजार, त्याची ही पहिली ठळक नोंद.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल येथे शिकताना अभ्यासाइतकेच लक्ष बेसबॉलवर होते, हे घरच्यांना फारसे रुचले नव्हते. १८९१ साली ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी ईथर हुंगवून भूल देण्याचे काम कोवळ्या विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. शिकवणे वगैरे काही नाही. प्रेक्षकांच्या बाकावरून एखाद्याला खाली बोलवायचे आणि हातात ईथरचा बोळा द्यायचा. कुशिंग यांच्या वाट्याला हे काम आले आणि रुग्ण दगावला. ते इतके हादरले, की वैद्यक सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. सोडले नाही. वर्गमित्र ॲमरी कॉडमन यांच्याबरोबर त्यांनी पैज लावली, की दोघांपैकी भूल अधिक चांगली कोण देतो. त्या पैजेतून एक तक्ता तयार झाला: शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास दर काही मिनिटांनी टिपून ठेवायचा. जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात आज असा तक्ता असतो.

या माणसाचा स्वभाव इथेच कळतो. जे दिसेल ते लिहायचे, मोजता येईल ते मोजायचे आणि हाताने चित्र काढून ठेवायचे. ते उत्तम चित्रकार होते; शस्त्रक्रिया आटोपली की आतले दृश्य स्वतः रेखाटून रुग्णाच्या कागदांना जोडत.

१८९६ साली ते बाल्टिमोरला विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली गेले. हॉल्स्टेड संथ, काटेकोर, ऊतींना इजा होऊ न देणारे शल्यविशारद. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा. बाल्टिमोरमध्येच विल्यम ऑस्लर या थोर वैद्याचा स्नेह कुशिंग यांना लाभला आणि तो आयुष्यभर टिकला. पुढे त्यांनी ऑस्लर यांचे दोन खंडांचे चरित्र लिहिले. त्याला १९२६ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९०० मध्ये ते युरोपला गेले. बर्न येथे थिओडोर कोखर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कवटीतला दाब वाढला की रक्तदाब कसा चढतो, हे दाखवले. इटलीत पाव्हिया येथे त्यांनी रिवा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले, त्याचे रेखाटन केले आणि ते अमेरिकेत आणले. बॉस्टनमधील शल्यविशारदांनी मात्र नाडीवरचे अनुभवी बोटच बरे, असा निर्वाळा दिला. गंमत म्हणजे त्या २३ वर्षांच्या तरुणीच्या निदानात ज्या चढलेल्या रक्तदाबाला महत्त्व आले, तो मोजण्याची सवय अमेरिकी रुग्णालयांना लावण्यात कुशिंग यांचाच हात होता.

मेंदूत शिरणे म्हणजे त्या काळी बहुधा मृत्यूच. रक्तस्राव आवरत नसे, मेंदू सुजून बाहेर येई आणि यातून वाचलाच तर रुग्णाला जखमेतला जंतुसंसर्ग गाठे. प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचले ते कुशिंग यांच्या निधनानंतर. तेव्हा संसर्गाविरुद्ध डॉक्टरच्या हातात दोनच गोष्टी होत्या, स्वतःची स्वच्छता आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती. कुशिंग यांनी पहिलीचा कमालीचा ध्यास घेतला. डोक्याच्या कातडीचे थर एकेक करून, बारीक रेशमी टाक्यांनी ते शिवत. रक्तवाहिन्या मिटवायला त्यांनी चांदीचे इवलेसे चिमटे वापरात आणले. १९१२ मध्ये ते बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात आणि हार्वर्डला आले. १९२६ पासून भौतिकशास्त्रज्ञ बोवी यांच्या विद्युत-सुरीने ते ऊती कापता कापताच रक्तस्राव थांबवू लागले. मेंदूच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या हाती दहा टक्क्यांच्या आसपास आले, आणि जगभरातून तरुण डॉक्टर ते पाहायला येऊ लागले.

हाताखाली काम करणाऱ्यांना हे सगळे सुखाचे नव्हते. कुशिंग तापट होते, परिचारिका आणि सहायक त्यांच्या बोलण्याने रडकुंडीला येत. घरी पत्नी आणि पाच मुले; त्यांच्या वाट्याला ते फार थोडे आले. १९२६ च्या जून महिन्यात मोठा मुलगा मोटार अपघातात गेल्याचे त्यांना सकाळी दूरध्वनीवर कळले. त्यांनी पत्नीला कळवले, आणि ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. याला कर्तव्यनिष्ठा म्हणायचे की आणखी काही, वाचकाने ठरवावे.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर होते. डोक्यात घुसलेले लोखंडाचे तुकडे चुंबकाने बाहेर काढण्यापासून जखम पूर्ण स्वच्छ करून लगेच बंद करण्यापर्यंतच्या त्यांच्या पद्धतीने डोक्याला जखम झालेल्या सैनिकांचे मृत्यू बरेच कमी झाले. ऑस्लर यांचा एकुलता मुलगा १९१७ मध्ये तिथेच जखमी होऊन गेला, तेव्हा कुशिंग त्याच्याजवळ होते. पुढच्या वर्षी ते स्वतः तापाने अंथरुणाला खिळले. त्यातून पायांच्या नसा दुबळ्या झाल्या आणि चालणे कायमचे अवघड झाले. त्यात सिगारेटचे व्यसन. पायांतल्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत गेल्या.

या सगळ्या काळात ती तरुणी त्यांच्या मनातून गेली नव्हती. तिच्यासारखे चेहरे दुसऱ्या डॉक्टरांनाही दिसत होते. कुणी प्रागहून छापत होते, कुणी अमेरिकेतून. शवविच्छेदनात काहींच्या पीयूषिकेत एक बारीकशी गाठ सापडत होती, इतकी लहान की क्ष-किरण चित्रात दिसणे शक्यच नव्हते. कुशिंग यांनी स्वतःचे काही आणि इतरांचे काही असे १२ रुग्ण एकत्र केले आणि १९३२ साली, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, जॉन्स हॉपकिन्सच्या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. पीयूषिकेतील एका विशिष्ट प्रकारच्या, रंगद्रव्याने निळसर दिसणाऱ्या पेशींची छोटी गाठ हे या आजाराचे मूळ, असा त्यांचा दावा होता. लवकरच डॉक्टरमंडळी या लक्षणसमूहाला त्यांच्याच नावाने ओळखू लागली.

तो लेख प्रामुख्याने गाठीबद्दल आहे. पण त्या १२ जणांच्या हकिगती ओळीने वाचल्या तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. गाठ इवलीशी. मेंदूवर तिचा दाब नाही. तरीही ही माणसे तरुण वयात मरत होती आणि त्यांपैकी काहींचा शेवट साध्या जंतुसंसर्गाने झाला होता. फुप्फुसांत न्यूमोनिया, कातडीवर पसरत जाणारा दाह, न भरणाऱ्या जखमा. ज्या संसर्गातून त्या वयाचा धडधाकट माणूस आठ-पंधरा दिवसांत उठून बसतो, तोच यांना घेऊन जात होता. या रुग्णांची संसर्गाशी झुंजण्याची ताकद कमी असते, हे कुशिंग यांच्या नजरेतून सुटले नव्हते. का कमी असते, हे सांगायला मात्र त्यांच्याजवळ काही नव्हते. ज्या संप्रेरकामुळे हे घडते ते तोवर कुणी वेगळे काढलेच नव्हते.

आज आपल्याला ती साखळी माहीत आहे. मेंदूचा तळ पीयूषिकेला इशारा देतो, पीयूषिका एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसोल बनवायला लावते. कॉर्टिसोल पुरेसे झाले की तेच वर निरोप पाठवते, की आता थांबा. निरोगी माणसात ते पहाटे चढते आणि मध्यरात्री तळाला जाते. पीयूषिकेतली गाठ हा थांबण्याचा निरोप जुमानत नाही. ती दिवसरात्र एसीटीएच सोडत राहते आणि अधिवृक्क ग्रंथी दिवसरात्र राबत राहतात. म्हणूनच या आजाराच्या एका चाचणीत रात्री उशिराची लाळ तपासतात. ज्या वेळी कॉर्टिसोल जवळपास नसायला हवे, त्या वेळी ते भरपूर सापडते.

कॉर्टिसोल हे शत्रू नव्हे. ते नसेल तर माणूस साध्या तापातही कोसळतो. त्याचे एक काम प्रतिकारयंत्रणेला आवर घालण्याचे आहे. जंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी जी आग लावतात ती वेळीच विझवली नाही तर आपलेच अवयव होरपळतात. कॉर्टिसोल ती विझवते. अडचण सुरू होते ती हा विझवणारा पंप कधी बंदच न झाल्यावर.

कॉर्टिसोल पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरते, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि त्याच्यासह केंद्रकात पोहोचते. तिथे ते दाह पेटवणाऱ्या जनुकांचे मुख्य बटण दाबू देत नाही. परिणामी इंटरल्युकिन, टीएनएफ यांसारखे रेणू कमी बनतात. हे रेणू म्हणजे गावात चोर शिरल्यावरची आरोळी. आरोळीच नाही, तर मदतीला येणार कोण?

टी लिम्फपेशी जुने शत्रू ओळखतात आणि बाकीच्या सैन्याला दिशा देतात. कॉर्टिसोलच्या अतिरेकाने त्यांतल्या कित्येक स्वतःचाच नाश करून घेतात, उरलेल्या रक्तातून निघून इतरत्र दडून बसतात. या पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते. जंतूंना गिळणाऱ्या मोठ्या भक्षकपेशी गिळतात, पण गिळलेले मारण्यात कमी पडतात. क्षयाचे जंतू किंवा बुरशी नेमका याचाच फायदा घेतात, कारण त्यांना पेशीच्या आत लपून राहणे जमते. वर्षानुवर्षे फुप्फुसात कोंडून ठेवलेला क्षय अशा वेळी पुन्हा डोके वर काढू शकतो.

न्यूट्रोफिल पेशींचा प्रकार तर फसवाच. एरवी यांतल्या बऱ्याचशा पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून टपून असतात आणि जखम झाली की भिंतीतून बाहेर पडून तिथे पोहोचतात. कॉर्टिसोल त्यांची ही पकड सोडवते. मग त्या प्रवाहात वाहत राहतात. लॅबच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. जखमेजवळ मात्र त्या पोहोचत नाहीत. आकडा पाहून निर्धास्त होणारा डॉक्टर इथे हमखास चकतो.

त्याहून घातक म्हणजे संसर्गाची लक्षणेच दबतात. ताप, लाली, सूज, दुखणे हा जंतूंचा पराक्रम नसतो, ती आपल्या प्रतिकारयंत्रणेची धावपळ असते. ती धावपळच नसेल तर आतडे फुटून पोटात पू झाला तरी रुग्ण फार कण्हत नाही आणि तापमापी फारसे काही सांगत नाही. भरीला कॉर्टिसोल रक्तातली साखर वाढवते, कातडी कागदासारखी पातळ करते आणि जखमा भरू देत नाही. म्हणजे तटबंदीला भगदाडे, पहारेकरी बेपत्ता आणि शत्रूला आत मुबलक रसद. कुशिंग यांच्या रुग्णांना न्यूमोनिया का झेपला नाही, याचे उत्तर हे आहे.

हे उत्तर एकदम सापडले नाही. १९३६ मध्ये मॉन्ट्रियल येथे हॅन्स सेली यांनी उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा नाना प्रकारे छळले आणि प्रत्येक वेळी तेच आढळले: अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या आणि थायमस व लिम्फग्रंथी आक्रसलेल्या. ताणाच्या अभ्यासाची ही सुरुवात. कुशिंग तेव्हा येल येथे होते. १९३३ मध्ये ते आपल्या जुन्या विद्यापीठात परतले होते आणि हात साथ देईनासे झाल्यावर लिहिण्यात, जुनी वैद्यकीय पुस्तके जमवण्यात रमले होते. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत एक लहानशी, निरुपद्रवी गाठ निघाली. दोन हजारांहून अधिक लोकांच्या मेंदूतील गाठी काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती गुपचूप बसून होती.

नऊ वर्षांनी, १९४८ च्या सप्टेंबरात, मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोलचेच भावंड असलेले कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. पण औषध घेणाऱ्या रुग्णांचे चेहरे हळूहळू गोल होऊ लागले, पोटावर जांभळे पट्टे उमटू लागले, जुना क्षय जागा होऊ लागला. कुशिंग यांचा आजार आता इंजेक्शनातून आणि गोळीतून तयार होत होता. १९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उपचारांविना राहिलेल्या कुशिंगच्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा निम्मे पाच वर्षांच्या आत गेलेले आढळले. मृत्यूच्या कारणांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या जोडीला जंतुसंसर्ग ठळकपणे होता.

पीयूषिकेतल्या गाठीमुळे होणारा मूळ आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाखांत जेमतेम दोन-तीन नवे रुग्ण, त्यांत स्त्रिया अधिक. तरी निदानाला आजही सरासरी तीन वर्षे लागतात, कारण लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, अनियमित पाळी हे सगळे सुटेसुटे घेऊन रुग्ण वेगवेगळ्या दारांत उभा राहतो. आठवड्याभराची दगदग किंवा परीक्षेचा ताण यांतून हा आजार होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. समाजमाध्यमांवर गोल चेहरा दाखवून कॉर्टिसोल कमी करण्याची चूर्णे विकणाऱ्यांनी फार गोंधळ घातला आहे. काय पाहावे? दंड-मांड्या रोडावून पोट वाढणे, जिना चढताना मांड्यांत बळ नसणे, बोटभर रुंदीचे जांभळे पट्टे, विनाकारण काळेनिळे डाग आणि पुन्हा पुन्हा होणारी बुरशी किंवा गळवे. हे एकत्र दिसले तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना दाखवावे.

गोळीतून येणारा कुशिंग मात्र दुर्मीळ नाही आणि तो आपल्या ओळखीचा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात नागपूर, पुणे, मुंबई, औरंगाबाद येथील रुग्णालयांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले. कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले. आधीच्या वर्षी इंग्लंडमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले होते, की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णांचा जीव वाचवते. ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना फायदा नाही. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ते लवकर, जास्त आणि लांबवर दिले गेले, घरच्या घरीही. साखर भडकली, पांढऱ्या पेशी हतबल झाल्या आणि नाकात एरवी निरुपद्रवी असलेली बुरशी हाडात उतरली. गजकर्णावर औषधाच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने चोळल्यावर गजकर्ण हटेनासे होते, त्यामागेही हेच आहे, फक्त लहान प्रमाणात.

इथे एक सावधगिरी. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार यांसाठी स्टिरॉइड घेणाऱ्या कुणी हे वाचून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बाहेरून कॉर्टिसोल मिळत असताना अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. गोळी अचानक थांबली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत आणि रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीनेच उतरवायची असते.

पीयूषिकेतली गाठ आज नाकावाटे दुर्बिणीने काढतात. हा मार्ग कुशिंग यांनी स्वतः शेकडो वेळा वापरला होता आणि मग कवटी उघडण्याकडे वळून तो मागे टाकला होता. १९६० च्या दशकात मॉन्ट्रियलच्या जूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक जोडून त्याला नवे आयुष्य दिले. कॉर्टिसोल फारच चढलेले असेल तर शस्त्रक्रियेआधीच काही ठिकाणी संसर्गप्रतिबंधक गोळ्या सुरू करतात, कारण कॉर्टिसोल उतरल्यावर दबलेली प्रतिकारयंत्रणा एकदम जागी होते आणि फुप्फुसात गुपचूप बसलेल्या जंतूंवर तुटून पडते. मग तोवर शांत असलेला न्यूमोनिया शस्त्रक्रियेनंतर भडकतो. काहींना याच सुमारास थायरॉइडवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला सुरू होतो, जुनी ॲलर्जी परतते. गोल चेहरा उतरायला महिने लागतात.

आणि ती २३ वर्षांची तरुणी? कुशिंग यांनी तिच्या डोक्यातला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया केली होती. पीयूषिकेला हात लावला नव्हता. तरीही ती जगली. १९३२ च्या लेखाच्या वेळी ती हयात होती आणि कुशिंग गेल्यानंतरही बरीच वर्षे जगली. १९९० च्या दशकात मेयो क्लिनिकच्या एका अभ्यासकाने तिची जुनी कागदपत्रे धुंडाळली. तिच्या पीयूषिकेत गाठ नसावी आणि अधिवृक्क ग्रंथींतच बारीक गाठींचा एक आनुवंशिक विकार असावा, असा त्यांचा कयास आहे. म्हणजे कुशिंगच्या आजाराच्या या पहिल्या रुग्णाला नेमका कुशिंगचा आजार बहुधा नव्हताच.